शिलालेखाला तारीख आहे, पण दगडाला?

आजची गोष्ट नाशिकच्या पांडवलेण्यांपासून सुरू करू. क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. राणीने आपल्या मुलाचं, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक त्यात कोरून घेतलंय आणि सुरुवातीलाच तारीख दिलीय: पुळुमावी राजाचं १९ वं वर्ष. तिथे उभा असताना माझ्या मनात एक बावळट वाटेल असा प्रश्न आला. लेखाची तारीख कळली, पण ज्या काळ्या दगडावर तो कोरलाय त्याची तारीख कोण सांगणार?

हा दगड म्हणजे बसाल्ट, थिजलेला लाव्हा. कसारा घाटातून येताना डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ना? एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर आहेत ते. म्हणूनच याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना. या जिन्याच्या खालच्या पायऱ्या आपल्याकडे आहेत. भूवैज्ञानिकांनी तळाकडच्या थरांना नावंही जव्हार आणि इगतपुरी अशीच दिली आहेत. वरचे थर महाबळेश्वरला.

आता यात एवढं महत्त्वाचं काय? तर डायनासोर! १९८० मध्ये अल्वारेझ पिता-पुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की, अंतराळातून आलेला एक प्रचंड गोळा पृथ्वीवर आदळला आणि जीवसृष्टीचा संहार झाला. १९८६ मध्ये फ्रान्सच्या कुर्तियो यांच्या गटाने दाखवलं की आपला लाव्हाही साधारण त्याच सुमारास आणि फार थोड्या काळात वाहिला. म्हणजे आरोपी दोन झाले. निकाल तारखेवर अवलंबून.

पण दगडाची तारीख काढायची कशी? दगडात थोडं पोटॅशियम असतं. त्यातला एक किरणोत्सारी प्रकार अतिशय संथपणे आर्गॉन वायूत बदलतो. निम्मं पोटॅशियम संपायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. साठलेला आर्गॉन मोजला की वय कळतं. त्यासाठी नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात, मग लेझरने किंवा भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवतात आणि सुटलेला वायू मोजतात. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत कांचन पांडे यांनी अशी राष्ट्रीय प्रयोगशाळा उभी केली. तिथले नमुने तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत जाऊन येतात. म्हणजे सह्याद्रीचा दगड, मुंबईतच त्याचा जबाब!

त्याआधी, १९९३ मध्ये, वेंकटेसन, पांडे आणि गोपालन यांनी थेट प्रश्न टाकला होता: दख्खनचा लाव्हा संहाराच्या आधीच वाहून गेला होता का? त्यांचं मोजमाप ‘हो’कडे झुकत होतं. पण एक अडचण होती. ६ कोटी ६० लाख वर्षांत १ टक्क्याची चूक म्हणजे ६ लाख ६० हजार वर्षं. मुख्य उद्रेकच जर दहा लाख वर्षांच्या आत उरकला असेल, तर एवढ्या चुकीत आधी कोण आणि नंतर कोण हे कसं ठरवणार? शिवाय पाणी मुरून दगड बदलला, तर आर्गॉन निसटतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले सुंदर स्फटिक बघा. तेही थिजलेल्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत पाणी खेळल्यामुळेच तयार झालेत!

मग वाट सापडली ती लाल मातीत. घाटात कापलेल्या कड्यांमध्ये दोन काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीत झालेली ती माती. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोन यांच्या गटाला अशा पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉनचे बारीक कण मिळाले. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, पण शिशाला जवळजवळ थाराच देत नाही. त्यामुळे आत जे शिसं सापडतं, ते बहुतेक सगळं नंतर युरेनियमपासून झालेलं. एकदम चोख घड्याळ.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोन यांचा गट म्हणाला, उद्रेकाचे चार झटके आले आणि त्यातला एक मोठा झटका संहाराच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. कोर्टनी स्प्रेन, पॉल रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन पद्धत वापरली होती. ते म्हणाले, सुमारे ७५ टक्के लाव्हा संहारानंतरचा आहे. डोंगर तेच, घड्याळं दोन!

मला यातली गंमत म्हणजे भांडण किती लहान झालंय ते वाटतं. एकेकाळी लाखो वर्षांचा घोळ होता, आज वाद काही दहा हजार वर्षांवर आलाय. आपल्याला मात्र त्यातून एक प्रश्न थेट लागू होतो: हवेत भराभर वायू सोडले की जीवसृष्टी किती सोसते? लाव्ह्याने ते किती वेगाने सोडले, हे तारखांशिवाय कळणार नाही.

पुढच्या वेळी पांडवलेण्यांत गेलात, तर शिलालेख जरूर बघा. आणि मग शेजारच्या कोऱ्या भिंतीवरही हात ठेवा. तिच्यावर अक्षर एकही नाही, पण तारीख तिच्या आतच आहे.

भेटूया पुढच्या भागात!