पुण्यातील पुष्पप्रदर्शने आणि आपला माळी समाज

दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. घोडदौडीच्या मैदानालगतच्या या विस्तीर्ण बागेत त्या दिवसांत अवघे पुणे लोटते. आपल्या ज्ञातीतील कुटुंबेही मुलाबाळांसह जातात, गुलाब, डेलिया, शेवंती पाहून संतोष पावतात आणि परत येतात. आम्हीही बालपणापासून जात आलो आहोत. तेथे मांडलेल्या प्रत्येक फुलदाणीपुढे एक लहानशी चिठ्ठी असते. तीवर स्पर्धेचा वर्ग, फुलाच्या जातीचे नाव आणि ज्याने ते फूल स्पर्धेत ठेविले त्याचे नाव लिहिलेले असते. फुलांकडे सर्वच पाहतात. त्या चिठ्ठीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्या चिठ्ठीचाच विचार करणार आहोत, कारण आपल्या समाजाच्या इतिहासाचा एक धागा तीत गुंतलेला आहे, असे आम्हांस वाटते.

फुलांशी आपले नाते आजचे नव्हे. अरणगावचे संतशिरोमणी सावता महाराज यांनी तेराव्या शतकात आपल्या मळ्यालाच पंढरी मानिले आणि इ. स. १२९५ मध्ये तेथेच देह ठेविला. पुढे पेशवाईत पुणे हे राजधानीचे शहर झाले, तेव्हा देवळे, वाडे आणि दरबार यांना फुले पुरविण्याचे काम आपल्या लोकांकडे आले. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. साताऱ्याकडील कटगुणहून पुरंदरातील खानवडीस व तेथून पुण्यास आलेल्या या घराण्यातील मंडळी पेशव्यांच्या दरबारास फुले, फुलांच्या गाद्या आणि शोभेच्या वस्तू पुरवू लागली. त्या कामाबद्दल त्यांस पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली, असे चरित्रकार नमूद करतात. धंद्यावरून लोक त्यांना ‘फुले’ म्हणू लागले आणि गोऱ्हे हे नाव मागे पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फुलांनी घराण्याला नाव दिले, परंतु फुलांवर माणसाचे नाव कधी आले नाही. देवाला वाहिलेला हार कोणी गुंफला, हे कोणी विचारीत नाही. आपला व्यवहारही सुट्या फुलांचा होता. शेवंती, झेंडू, मोगरा ही फुले देठाजवळ खुडावयाची, पाटीत भरावयाची आणि वजनावर किंवा शेकड्यावर विकावयाची, ही आपली जुनी रीत. त्यात एकेका फुलाची ओळख उरत नाही. लांब दांड्यासह फूल कापून फुलदाणीत एकटे उभे करावयाचे आणि त्याच्या रूपाची परीक्षा घ्यावयाची, ही चाल आपल्याकडे इंग्रजी अमदानीत बंगल्यांबरोबर आली.

या अमदानीत पुण्यात बागांची नवी व्यवस्था झाली. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालची. आज एम्प्रेस गार्डनचा कारभार तीच पाहते. ही बाग पूर्वी गोऱ्या शिपायांच्या विरंगुळ्यासाठी होती व तिला सोल्जर्स गार्डन म्हणत. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केला, त्यावरून बागेचे आजचे नाव रूढ झाले. तिचे क्षेत्र सुमारे ३९ एकर आहे. १८७३ मध्ये गणेशखिंड येथे वनस्पती-उद्यान निघाले. त्याचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी या देशातील हवामानाला अनुसरून बागकामावर ग्रंथ लिहिला. ग्रंथ साहेबांनी लिहिला हे खरे, परंतु पुण्यापरिसरातील बागांतून आणि बंगल्यांतून खोदणी, छाटणी व पाणी घालण्याचे काम करणाऱ्या हातांत आपल्या लोकांचे हात पुष्कळ होते. ते हात मात्र ग्रंथात आले नाहीत.

कोणी म्हणेल की प्रदर्शन हा मुळातच श्रीमंतांचा षोक. तेथे माळ्याचे नाव कशाला येईल? परंतु विलायतेचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. तेथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १८०४ साली स्थापन झाली आणि १९१३ पासून चेल्सी येथे तिचे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरू लागले, हे खरे. तथापि त्याच देशात लँकेशायरचे विणकर आणि अन्य कारागीर गावच्या खानावळीत आपापली फुले घेऊन जमत व चढाओढ करीत. बक्षीस असे तांब्याच्या किटलीचे! ती किटली स्पर्धेपूर्वी खानावळीच्या दाराशी टांगून ठेवीत. रेव्हरंड रेनॉल्ड्स होल या गुलाबप्रेमी धर्मोपदेशकाने १८६९ च्या आपल्या पुस्तकात नॉटिंगहॅम येथील मजुरांच्या गुलाबप्रदर्शनाची हकीकत दिली आहे. त्यास परीक्षक म्हणून बोलावणे आले, तेव्हा एप्रिलच्या आरंभी मजुरांजवळ गुलाब कोठून असणार, ही कोणी थट्टाच केली असावी, असे त्यास वाटले. जाऊन पाहतो तो खरोखरच उत्कृष्ट गुलाब! थंडीच्या रात्री रोपे गारठू नयेत म्हणून या लोकांनी स्वतःच्या बिछान्यावरील कांबळी काढून रोपांवर घातली होती. ज्याने कांबळे दिले, त्याचेच नाव त्या गुलाबापुढे लागले. प्रदर्शनाचे खरे मर्म हेच होय.

हे मर्म आपल्याकडे सर्वांआधी ओळखणाऱ्यांत महात्मा फुले होते. १८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. त्यात सरकारला सुचविलेल्या उपायांत प्रदर्शनांचाही समावेश आहे. श्रावणात दरसाल प्रदर्शने भरवावी, आश्विनात उभ्या पिकांची व औत हाकण्याच्या कौशल्याची परीक्षा घ्यावी, जो शेतकरी उत्तम ठरेल त्याला बक्षीस द्यावे आणि तीन वर्षांचे काम पाहून पदवीही द्यावी, अशी त्यांची सूचना आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे याची परीक्षा त्यांनी सांगितली नाही; औत कोण हाकतो, ते पाहा, असे सांगितले. फुलांचा व्यवसाय ज्याच्या घराण्याच्या नावात होता, त्या पुरुषाने हे सुचवावे, यास आम्ही योगायोग मानीत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाईंच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहातही चाफा, जाई, गुलाब यांवर कविता आहेत, हे येथे आठवते. त्या पुस्तकावर मात्र त्यांचे स्वतःचे नाव आहे. त्या काळी स्त्रीचे नाव पुस्तकावर येणे ही केवढी गोष्ट!

आता एक घरगुती हकीकत सांगतो. ती सांगावी की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. परंतु विषय तिच्यावाचून पुरा होत नाही. आमचे वडील (आम्ही त्यांस आबा म्हणत असू) पुण्यातील एका बंगल्यावर माळी होते. आम्ही चौथीत असताना त्यांनी वाढविलेला ‘पीस’ जातीचा गुलाब एका प्रदर्शनात पहिला आला. पिवळसर पाकळी आणि तिच्या कडेला गुलाबी झाक, असे ते फूल अद्यापि डोळ्यांपुढे आहे. आबांस अक्षरओळख नव्हती. त्यांनी आम्हांस पुढे केले आणि म्हणाले, “वाच रं, काय लिवलंय?” आम्ही वाचले. चिठ्ठीवर बंगल्याच्या मालकांचे नाव होते. आबा क्षणभर थांबले व म्हणाले, “बरं. पर गुलाबाचं नाव नीट लिवलंय न्हवं?” ते नीट लिहिलेले होते.

त्या गुलाबाचा इतिहास आम्ही पुढे वाचला. फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच उत्पादकाने तो निर्माण केला, स्वदेशी त्यास आपल्या आईचे नाव दिले आणि १९४५ मध्ये महायुद्ध संपत असता अमेरिकेत त्याचे ‘पीस’, म्हणजे शांतता, असे नामकरण झाले. आपल्या देशातही डॉ. बी. पी. पाल यांसारख्या थोर शास्त्रज्ञाने गुलाबाच्या अनेक नव्या जाती निर्मून त्यांस नावे दिली. गुलाबाला नाव असते, त्याच्या निर्मात्याला नाव असते, बागेच्या मालकाला नाव असते. ज्याने पहाटे उठून त्याची पाने पुसली, त्यालाच तेवढे नसते.

मालकांवर येथे दोष ठेवण्याचा आमचा मानस नाही. जागा त्यांची, कुंड्या त्यांच्या, खत त्यांचे. आणि त्या काळची वहिवाटही तशीच होती. शिवाय दोष ठेवू गेल्यास तो आम्हांवरही येतो. निवृत्तीनंतर आमच्या कुटुंबाने घराच्या गच्चीवर कुंड्यांतून शेवंती लाविली. रोपे तिने आणिली, कळ्या तिने खुडल्या, मावा पडला तेव्हा पाने एकेक करून तिनेच धुतली. प्रदर्शनाची प्रवेशिका भरण्याचे काम लिहिणावाचणाचे म्हणून आमच्याकडे आले, आणि आम्ही सहजगत्या आमचे नाव घातले! तिसरे बक्षीस मिळाले. आमच्या कन्येने चिठ्ठी वाचून विचारले, “अण्णा, फुलं तर आईची ना?” आम्हांस उत्तर सुचले नाही. चौथीतला तो दिवस आठवला आणि पन्नास वर्षांनी आपण नकळत त्या मालकांच्या जागी जाऊन उभे राहिलो, हे ध्यानात आले. पुढील वर्षी प्रवेशिका तिच्या नावाने भरली. बक्षीस मिळाले नाही. परंतु ती चिठ्ठी आमच्या घरी देवघराजवळ जपून ठेविली आहे.

आता ज्या कुटुंबांस भाग घेण्याची इच्छा असेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. प्रदर्शनाच्या तारखेपासून दिवस मागे मोजावे. गुलाबाला छाटणीनंतर आपल्याकडील थंडीत फुलावयास साधारणतः दीड ते दोन महिने लागतात. त्या हिशेबाने कात्री चालवावी. एका दांड्यावर एकच मोठे फूल हवे असल्यास बाजूच्या कळ्या लहान असतानाच खुडाव्या, म्हणजे सर्व जोर मधल्या कळीस मिळतो. फुले आदल्या सायंकाळी किंवा पहाटे कापावी, उन्हात कापू नयेत. दांडा धारदार चाकूने तिरपा कापून लगेच खोल पाण्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावा. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावी, वरची ओल्या फडक्याने पुसावी. गुलाब अर्धा ते पाऊण उमललेला असता परीक्षकांस अधिक रुचतो. पूर्ण उमललेला गुलाब देवास चालतो, स्पर्धेस चालत नाही. तीन फुलांच्या वर्गात तिन्ही फुले आकाराने, रंगाने व उमलण्याने सारखी असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की नियमपत्रक दोनदा वाचावे. तीनच्या ठिकाणी चार फुले ठेविल्यास ती कितीही सुंदर असली तरी बाद होतात.

यांतील निम्म्या गोष्टी आपल्या आजी-पणजींस ठाऊक होत्या. फुले पहाटे खुडावी, ओल्या फडक्यात गुंडाळावी, वाऱ्यात ठेवू नये, हे त्यांनी कोणत्याही ग्रंथावाचून जाणले होते. नवे आहे ते इतकेच की पाटीभर फुलांऐवजी एका फुलावर महिनाभर लक्ष ठेवावयाचे.

आपल्यापैकी पुष्कळांचे मळे आज राहिले नाहीत. शहराभोवतालच्या जमिनींवर इमारती उभ्या आहेत, आणि आपली मुले कचेऱ्यांतून, कारखान्यांतून व परदेशी कामे करतात. पुरंदर आणि हवेलीच्या बाजूस अद्यापि शेवंती, झेंडू व अ‍ॅस्टर पिकतात. मावळात हरितगृहांतील लांब दांड्याचे गुलाब निघून देशोदेशी जातात. पुण्यात गुलाबप्रेमींची रोझ सोसायटीही आहे, आणि तीही प्रदर्शने भरविते. परंतु ज्यांचा मळा गेला, त्यांनी फुलेही सोडावी असे कोठे आहे? गच्चीवर चार कुंड्या मावतात. एका फुलापुरती जागा पुण्यात अजून कोणाच्याही घरी आहे.

म्हणून संघाच्या सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे. पुढील प्रदर्शनात प्रत्येकाने आपल्या घरच्या फुलांची एक तरी फुलदाणी ठेवावी. प्रवेशिकेवर, ज्याने किंवा जिने ते फूल वाढविले, त्याचे वा तिचे नाव लिहावे. घरच्या कर्त्याचे सवयीने लिहू नये. आणि ती नावे, बक्षीस मिळो वा न मिळो, संघाच्या कार्यालयाकडे कळवावी, म्हणजे पुढील स्मरणिकेत त्यांची यादी छापता येईल. अशी यादी आपण पूर्वी केली असती, तर तीत आबांचेही नाव असते. ते राहून गेले. पुढची तरी राहू नयेत, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.