उल्कांच्या राखेतला थर्मामीटर

एलईडी येण्याआधीचे रस्त्यावरचे पिवळे दिवे आठवतात? ते सोडियमचे दिवे. सोडियमचा खास पिवळा प्रकाश म्हणजे साधारण ५८९ नॅनोमीटरचा. आपल्या डोक्यावर ९० किलोमीटरवर हाच रंग दर रात्री मंद उजळतो. तिथलं सोडियम येतं जळून गेलेल्या उल्कांमधून.

या उंचीवर फुगे पोचत नाहीत, उपग्रह टिकत नाहीत आणि रॉकेट काही मिनिटांत पार होतं. मग तिथलं तापमान मोजायचं कसं?

१९६० साली लेसर आला. १९६३ मध्ये एमआयटीच्या फिओको आणि स्मलिन यांनी रुबी लेसरचे झोत आकाशात सोडून परतलेला प्रकाश टिपला. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये बोमन, गिब्सन आणि सँडफर्ड यांनी लेसर नेमका सोडियमच्या रंगावर जुळवला. आता उल्कांची राख उत्तर देऊ लागली. ९० किलोमीटरवरून झोत परतायला ०.६ मिलिसेकंद लागतात. या वेळेवरून उंची कळते.

तापमानाची युक्ती त्याहून सुंदर. हवा तापली की अणू जास्त वेगाने पळतात आणि ते शोषत असलेल्या रंगाची पट्टी रुंद होते. रुंदी मोजली की तापमान मिळतं. वारा असेल तर अख्खी पट्टीच किंचित सरकते, जवळ येणाऱ्या अँब्युलन्सच्या सायरनचा सूर बदलतो तशी. १९७९ मध्ये गिब्सन, थॉमस आणि भट्टाचार्य यांनी याच पद्धतीने तापमान काढलं.

१९९० पासून कोलोरॅडोच्या फोर्ट कॉलिन्समध्ये शी यांच्या गटाने नियमित नोंदी सुरू केल्या. पुढे वारेही मोजले जाऊ लागले. कार्बन डायऑक्साइड खालची हवा तापवतो, पण इतक्या उंचीवर तो उष्णता अवकाशात सोडून हवा थंड करतो. ही थंडी पकडायची, तर नोंदी वर्षानुवर्षं हव्यात. पण १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि नंतरची काही वर्षं नोंदींत उलट तापमानवाढच दिसली. शी यांच्या गटाने १९९८ मध्ये तिचा संबंध पिनातुबोशी जोडला. शिवाय सूर्याचं ११ वर्षांचं चक्र आहेच.

म्हणजे १० वर्षांच्या नोंदीवर विसंबलो असतो, तर फसलो असतो. २०१० मध्ये ते यंत्र युटाला हलवलं गेलं आणि मोजणी पुढे चालू राहिली. लेसरइतकीच मोलाची गोष्ट हीच: निरभ्र रात्री कुणीतरी जागं राहून नोंद तुटू दिली नाही.