मानद अभ्यागत अध्येता आणि बडोद्याची ‘मिरात-इ-अहमदी’

विद्यापीठीय संशोधन केंद्रे बाहेरच्या अभ्यासकास ‘मानद अभ्यागत अध्येता’ म्हणून बोलावतात. पगार नसतो, ग्रंथालय, बसण्यास जागा आणि संस्थेचे नाव मिळते. ही प्रथा अलीकडची वाटते. परंतु बाहेरच्या विद्वानाकडे काम सोपविण्याची रीत बडोद्यात जुनी आहे.

सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने ‘गायकवाड्स ओरिएंटल सीरीज’ निघाली. तिचा पहिला ग्रंथ राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ 1916 साली प्रसिद्ध झाला. 1927 मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्थापन झाले आणि 1949 मध्ये विद्यापीठ झाल्यावर ते त्याचा भाग बनले. वडोदऱ्याच्या पश्चिमेकडील गोत्री तेव्हा खेडे होते, आज शहरातच मिसळले आहे. गोत्रीसारख्या गावाचा जुना इतिहास शोधू पाहणाऱ्याला ज्या ग्रंथांकडे वळावे लागते, त्यांतला एक याच मालेत छापला गेला.

तो ग्रंथ म्हणजे अली मुहम्मद खान यांची फारसी ‘मिरात-इ-अहमदी’. ते गुजरात सुभ्याचे अखेरचे मोगल दिवाण. 1753 मध्ये रघुनाथराव व दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. मोगल अंमल मावळत असतानाच खानसाहेब दफ्तर चाळीत होते. ग्रंथ 1761 मध्ये पुरा झाला. दफ्तरातील मिठालाल कायस्थ यांचे त्यांना साह्य झाले, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. मराठ्यांच्या गुजरातमधील हालचालींसाठी आपल्या इतिहासकारांनाही हा ग्रंथ टाळता येत नाही.

मूळ फारसी पाठ 1927-28 मध्ये दोन भागांत निघाला. संपादक होते सय्यद नवाब अली, बडोदा कॉलेजचे फारसीचे प्राध्यापक. म्हणजे वर्गात शिकविणारा माणूस! सुभ्यातील सरकारे, परगणे, अहमदाबादचे मोहल्ले व सूफी संत यांची माहिती देणाऱ्या पुरवणीचे इंग्रजी भाषांतर त्यांनी सी. एन. सेडन यांच्यासह 1928 मध्ये केले. मुख्य ग्रंथाचे एम. एफ. लोखंडवाला यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1965 मध्ये आले. पुढे त्यांनीच हाजी अद्-दबीर यांचा गुजरातचा अरबी इतिहासही इंग्रजीत आणला.

रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीतही (1960-75) हेच दिसते. सात कांडे एका विद्वानाने संपादिली नाहीत. अयोध्या आणि युद्ध ही दोन कांडे पुण्याच्या प. ल. वैद्यांकडे गेली.

आपल्या महाविद्यालयांत फारसी व उर्दू जाणणारे शिक्षक आहेत, मोडी वाचणारेही थोडे आहेत. केंद्राने त्यांना बोलवावेच. पण ‘मानद’ या शब्दाआड प्रवासखर्च आणि रजेचा प्रश्न लपू नये. आठवड्याला ठरलेले तास शिकवून हस्तलिखिताची एक प्रत दुसरीशी ताडून पाहता येत नाही. नेमणुकीच्या पत्रातच हस्तलिखित कोणते, मुदत किती आणि संपादक म्हणून मुखपृष्ठावर नाव कोणाचे, हे लिहून घ्यावे.