तारेतली हानी आणि एक उपेक्षित शोध

एरियल उंच उभारली की संदेश दूर जाईल, असे आपल्याला वाटते. प्रेषकयंत्रापासून एरियलपर्यंत जाणाऱ्या तारेचा विचार आपण क्वचितच करतो. जाड दोराला बारीक दोर बांधून हिसका दिला, तर लाट गाठीपाशी येते. काही पुढे जाते, काही मागे फिरते. विजेचेही तसेच आहे. ५० ओहमच्या तारेला २०० ओहमची एरियल जोडली, तर तेथे पोचलेल्या शक्तीपैकी ३६ टक्के उलट फिरते, आणि हेलपाटे घालता घालता तिचा काही भाग तारेतच उष्णता होऊन वाया जातो.

या अडथळ्याला 'इंपीडन्स' हे नाव १८८६ साली ऑलिव्हर हेविसाइड यांनी दिले. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, कानांनी अधू, एके काळचा तारमास्तर! लांब तारेत बोलणे अस्पष्ट होई. त्यावर १८८७ मध्ये त्यांनी सांगितले, तारेचे स्वप्रवर्तन, म्हणजे प्रवाहातील बदलाला होणारा विरोध, वाढवा. विरोध वाढवून बोलणे सुधारायचे! ब्रिटिश टपाल खात्यातील विद्युत्तज्ज्ञ विल्यम प्रीस यांना हे पटले नाही. त्यांनी हेविसाइड बंधूंचा निबंध अडवला. पुढे १९०० मध्ये अमेरिकेत मायकेल प्यूपिन यांना तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवण्याचे पेटंट मिळाले, आणि दूरचे बोलणे स्पष्ट ऐकू येऊ लागले.

जुळणी नसली की शक्ती मागे फिरते. ज्ञानही अधिकाराच्या दारातून असेच मागे फिरते. नुकसान मात्र आपणा सर्वांचे होते.