साहाय्यक तंत्रज्ञान (शालेय)

साहाय्यक तंत्रज्ञान (शालेय) : पाहणे, ऐकणे, वाचणे किंवा लिहिणे यांतल्या अडचणीमुळे छापील पुस्तक आणि खडू-फळा यांपाशी अडणाऱ्या विद्यार्थ्याला तोच पाठ दुसऱ्या वाटेने मिळवून देणारी साधने व अध्यापनरीती. पेन्सिलीला बसवायची जाड रबरी पकड यात येते आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी संगणकप्रणालीही येते. वर्गात डिजिटल फळा लागला म्हणजे हे साधले, असा समज सर्रास आढळतो. पण एकच चित्रफीत सगळ्या वर्गाला एकाच वेगाने दाखवली, तर मागे पडणारा मागेच राहतो.

यांतले जुने आणि आजही अटळ साधन म्हणजे ब्रेल. लुई ब्रेल (१८०९–५२) यांनी सहा टिंबांची ही लिपी १८२४ च्या सुमारास सिद्ध केली. भारतीय भाषांसाठी सामाईक ‘भारती ब्रेल’ १९५१ मध्ये ठरली. तीत ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग इ येते. त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराआधी काढायची की नंतर, हा पहिलीतल्या डोळस मुलांचा पेच इथे उद्भवतच नाही. जोडाक्षरात मात्र हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी द्यावे लागते. ब्रेल पाटीवर टिंबे कागदाच्या मागून टोचतात, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. पर्किन्स ब्रेलर या टंकयंत्राने ही कसरत संपवली.

संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम स्क्रीन रीडर करतो. मायकेल करन व जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरांनी २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए मोफत मिळतो व मराठीही वाचतो. मराठीची खरी अडचण यंत्रात नाही, मजकुरात आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेले पान डोळ्यांना स्वच्छ देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरांच्या जागा वापरलेल्या असतात. स्क्रीन रीडर तिथे निरर्थक अक्षरे बडबडतो. स्कॅन केलेले पान तर त्याच्या लेखी नुसते चित्र असते. शाळेने महागडे उपकरण घेण्याआधी स्वतःच्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टाइप करायला लागावे, इतका हा साधा मुद्दा आहे. उच्चाराचा पेच त्यानंतरचा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे ‘जगत राहा’ यांतले दोन वेगळे ज लिपी दाखवत नाही, मग यंत्राला ते कुठून कळणार? संदर्भाने मूल ते भरून काढते.

कायद्याची वाट बरीच मोकळी आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने दिव्यांगांसाठी सुलभ प्रती करण्यास सवलत दिली. अशाच सवलतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश (२०१४). २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. या अक्षमतेपैकी डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण, असलेल्या मुलासाठी ध्वनीबरोबर एकेक शब्द उजळत जाणारे पान, ओळींतले वाढीव अंतर आणि तोंडी उत्तराची रेकॉर्डिंग उपयोगी पडतात.

कर्णबधिर मुलाच्या बाबतीत श्रवणयंत्र पुरते असे नाही, कारण ते पंख्याची घरघर आणि बाकांचा खडखडाटही मोठा करते. शिक्षकाच्या गळ्यातला छोटा मायक्रोफोन आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवतो. फळ्याकडे तोंड करून शिकवण्याची सवय सोडायला मात्र काहीच खर्च येत नाही; ओठ दिसले पाहिजेत. भारतीय सांकेतिक भाषेत पाठ्यपुस्तके आणण्यासाठी एनसीईआरटीने २०२० मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राशी करार केला.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून ध्वनिफिती, चित्रफिती व स्वाध्याय दिले. डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून दिली. पाठ हवा तितक्या वेळा, हवा तिथे थांबवून ऐकता येतो, हे या पद्धतीचे बळ. घरात फोन एकच असेल आणि तो वडिलांबरोबर शेतावर गेला असेल, तर कोड छापील चौकोनच राहतो.

परीक्षा हा सर्वांत कच्चा दुवा आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक, तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ आणि संगणकावर उत्तरे लिहिण्याची मुभा मान्य केली. स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या इयत्तेचा हवा, अशी अट त्यांत होती. म्हणजे दहावीच्या भूमितीची आकृती नववीच्या मुलाला तोंडी सांगून काढून घ्यायची.