माहीमचे मुफस्सिर

माहीमच्या दर्ग्यापाशी डिसेंबरात जत्रा भरते. मुंबई पोलिसांचा संदल वाजतगाजत येतो, चादर चढते आणि आम्ही कोकणातून आलेली मंडळी गर्दीत उभे राहून दुआसाठी हात वर करतो. मखदूम अली माहिमी आमच्यासाठी बाबा आहेत, पीर आहेत. ते कुरआनचे मोठे भाष्यकार होते, हे मात्र आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. दर्ग्याची वाट आम्हाला पाठ आहे. त्यांच्या ग्रंथाचे नाव कुणी विचारले तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

त्या ग्रंथाचे नाव 'तब्सीरुर्रहमान व तयसीरुल मन्नान'. हिंदुस्थानात अरबीत लिहिल्या गेलेल्या सुरुवातीच्या तफसीरींमध्ये त्याची गणना होते. मखदूमसाहेब किनाऱ्यावरच्या नवायत समाजातले. हिजरी 835 मध्ये, म्हणजे इ.स. 1431-32 च्या सुमारास, त्यांचा इंतकाल झाला. माहीमवर तेव्हा गुजरातच्या सुलतानांची सत्ता होती. पुढे साडेचारशे वर्षांनी, 1878 मध्ये, त्यांची तफसीर कैरोच्या बुलाक छापखान्यात छापली गेली. माहीमच्या खाडीकाठी लिहिलेला ग्रंथ नाईलकाठी छापला जावा, ही आम्हाला अभिमानाची गोष्ट वाटायला हवी होती.

पण नुसता अभिमान काय कामाचा? मखदूमसाहेबांनी कुरआन वाचला कसा, हे समजून घेतले पाहिजे. तफसीर लिहिण्याच्या वाटा अनेक होत्या. इ.स. 923 मध्ये वारलेल्या तबरींनी प्रत्येक आयतीविषयी सहाबा आणि ताबिईन यांच्याकडून आलेली कथने सनदीसह गोळा केली, मतभेद न लपवता समोर ठेवले आणि मग आपला कौल दिला. जमख्शरींनी (मृत्यू 1144) भाषेचे सौंदर्य आणि व्याकरण यांवर भर दिला. ते मुअतजिली विचाराचे होते. तरीही त्यांच्या मताशी न पटणारे आलिमसुद्धा त्यांचा ग्रंथ शतकानुशतके शिकवत राहिले. फखरुद्दीन राजींनी (मृत्यू 1210) तर्क आणि तत्त्वज्ञान यांचे प्रश्न तफसीरीत आणले. म्हणजे एका किताबाकडे पाहण्याच्या अनेक नजरा होत्या, आणि त्या एकमेकींशेजारी नांदत होत्या.

मखदूमसाहेबांनी विशेष करून एक प्रश्न धरला. ही आयत त्या आयतीनंतरच का आली? आयतींमधला हा दुवा शोधणे त्यांना महत्त्वाचे वाटले. दुसरी गोष्ट बिस्मिल्लाहची. कुरआनात 114 सूरह आहेत आणि सूरह तौबा सोडून बाकी 113 सूरहांच्या आरंभी बिस्मिल्लाह येते. मखदूमसाहेब प्रत्येक ठिकाणी तिचा अर्थ त्या त्या सूरहच्या आशयाला धरून नव्याने सांगतात. त्यांच्या आधी कुशैरींसारख्या सूफी भाष्यकाराने असे केले होते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई आहोत. मोठ्याने किरअत असलेल्या नमाजात आमचा इमाम बिस्मिल्लाहही मोठ्याने म्हणतो, कारण शाफई मताप्रमाणे ती सूरहचाच भाग आहे. मखदूमसाहेबही शाफईच. जे शब्द सूरहचा भाग आहेत, त्यांना त्या सूरहचा रंग असणारच, असे त्यांना वाटले असावे.

दुव्याचा हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. सूरह बकरामध्ये तलाकचे नियम चालू असताना मध्येच, 238 व्या आयतीत, नमाज जपण्याची आज्ञा येते आणि लगेच पुन्हा विधवा व तलाकशुदा स्त्रियांचा विषय सुरू होतो. नुसते पठण करणारा पुढे निघून जातो. दुवा शोधणारा थांबतो. घर मोडताना माणूस रागाने आंधळा होतो, तेव्हा त्याने अल्लाहपुढे उभे राहण्याची आठवण ठेवावी, असा एक उलगडा त्याला सापडतो. शिवाय आधीच्याच आयतीत एकमेकांशी उदारपणे वागायला सांगितले आहे, तेही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

आमच्याकडे मात्र आयत सुटी काढण्याची सवय जडली आहे. इस्लामवर टीका करणारा एखादी आयत सुटी काढून आमच्यावर फेकतो. आमच्यातलाच एखादा अर्धी आयत सांगून तलाक दिलेल्या बाईला गप्प बसवतो. दोघांची रीत एकच. तिला खरे उत्तर म्हणजे पुढचे-मागचे वाचणे. विसाव्या शतकात हमीदुद्दीन फराही (1863-1930) आणि त्यांचे शागिर्द अमीन अहसन इस्लाही (1904-1997) यांनी 'नज्म' म्हणजे कुरआनची अंतर्गत रचना हाच आपल्या अभ्यासाचा पाया केला. त्यांच्या कितीतरी आधी आमच्या माहीमचा एक आलिम दुवे शोधत बसला होता.

आम्ही मकतबात कुरआन शिकलो तो अर्थ न कळता. त्या पठणाची बरकत आम्ही नाकारत नाही. पण आज मराठीत अनुवाद आहेत, आमच्या मुली शिकल्या आहेत, त्या प्रश्न विचारतात. 'असे का?' म्हणणाऱ्या मुलीला आम्ही ईमान कच्चे म्हणून दटावतो. ज्यांच्या मजारीवर आम्ही चादर चढवतो, त्यांनीही कुरआन उघडून हेच विचारले होते. यंदा माहीमला जाऊ तेव्हा हे तिला सांगू, आणि घरी परतल्यावर तिच्याबरोबर बसून ती आयत आधी-नंतरच्या आयतींसह वाचू.