हजेरीपटातल्या रिकाम्या चौकटी

लॉगमध्ये नोंद नसली की बिघाड, असं आम्ही इंजिनिअर धरून चालतो. २००९ साली अमेरिकेत ३५३ बायकांवरचा एक अभ्यास छापून आला. सगळ्या सात व्यसनमुक्ती केंद्रांतल्या. जुने आघात आणि व्यसन, दोन्ही सोसणाऱ्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला ‘सीकिंग सेफ्टी’ ही थेरपी, दुसऱ्याला आरोग्याचे वर्ग. सहा आठवडे, बारा सत्रं. आघाताचा त्रास दोन्हीकडे कमी झाला. नशेच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच.

मग डेनिस हिन आणि सहकाऱ्यांनी हजेरीपट पुन्हा उघडला. २०१२च्या लेखात तीन तऱ्हा निघाल्या: शेवटपर्यंत येणाऱ्या, सोडून जाणाऱ्या आणि कधी यायच्या, कधी नाही अशा. या तिसऱ्यांना नाव दिलं ‘टायट्रेटर’. बारावीचं प्रॅक्टिकल आठवा: ब्युरेटची तोटी, थेंब थेंब, रंग बदलतोय का ते बघत. जुन्या जखमेबद्दल बोलायचं तर डोस आपल्या हातात हवाच ना!

शेवटपर्यंत आलेल्यांमध्ये दोन गटांत फरक नव्हता. टायट्रेटरमध्ये होता: थेरपी गटातल्यांचं दारू पिणं जास्त कमी झालं. म्हणून दोन खाडे झाले की नाव कापायचा नियम मला खटकतो.